बोरन्हाणाचा रीटेक

“पोरांनो, हलवा परत टाका. सगळ्यांनी. मुठी उघडा बघू.”

हे वाक्य मी स्वतः ऐकलंय म्हणून सांगते. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. बोरन्हाणात लुटलेलं परत मागायचं, असं आमच्या नाशकात तोवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बाळाला काळं झबलं घालायचं, अंगावर हलव्याचे दागिने चढवायचे, पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, शेंगा, चुरमुरे, हलवा ओतायचा, आणि भोवतीच्या पोरांनी त्यावर तुटून पडायचं. ज्याच्या हाताला जे लागेल ते त्याचं. पण गंगापूर रोडवरच्या त्या उंच इमारतीच्या क्लबहाउसात कौस्तुभ सर स्टीलचं पातेलं घेऊन पोरांपुढे उभे होते आणि एकेकाची मूठ उघडून घेत होते. पहिल्या वेळी बाळाचा चेहरा कॅमेऱ्यात नीट आला नव्हता, एवढंच कारण.

“मी खाल्ला,” पुढचे दात पडलेला एक मुलगा म्हणाला.

“मग आता खायचा नाही. उचलायचं, हसायचं आणि परत टाकायचं. ओके?”

“मग मला काय मिळणार?”

“तू व्हिडिओत दिसणार.”

मुलाने पातेल्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि मूठ पाठीमागे नेली. त्या सगळ्या खोलीत शहाणा तेवढा तोच होता, असं माझं आजही मत आहे.

कौस्तुभ सर म्हणजे आमचे सोशल मीडियाचे सल्लागार. वय माझ्या भाच्याएवढं, पण सगळ्यांनी ‘सर’ म्हणायचं. काय शिकवत होते म्हणून सर, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझी धाकटी जाऊ नलिनी त्यांना कुठल्याशा वर्कशॉपमध्ये भेटली आणि भारून आली. तेव्हापासून आमच्या दुकानात त्यांचा शब्द खाली पडत नव्हता.

दुकान म्हणजे पंचवटीतला एका दाराचा गाळा. सासूबाईंनी सुरू केलेला. आम्ही हलव्याचे दागिने करायचो, म्हणजे नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला आणि तान्ह्या पोरांच्या बोरन्हाणाला लागतात ते. हलवा मी करायची, दागिने नलू ओवायची. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ किंवा साबुदाणा, वर थेंबथेंब पाक, आणि बोटांनी सारखं हलवत राहायचं. थंडी चांगली असली की दाण्यावर काटा फुटतो. बोटं भाजतात, पाठ मोडते, आणि दिवसाअखेर ओंजळभर हलवा होतो. मिरवून झालं की संध्याकाळी दागिना मोडायचा आणि खाऊन टाकायचा. सोनं मोडून खाता येत नाही, हे तरी खाता येतं, असं सासूबाई म्हणायच्या.

मग बाजारात साच्यातला हलवा आला. दिसायला गुळगुळीत, किमतीला किरकोळ. दोन संक्रांती आमचा माल पडून राहिला. तिसरीही तशीच गेली तर गाळा सोडायचा, हे आम्ही दोघींनी ठरवून टाकलं होतं. माझं निभलं असतं. माझ्या मागे ह्यांची पेन्शन होती. नलूचं तसं नव्हतं. दिरांचं कंपनीतलं काम सुटलेलं, मुलगा बारावीला. दुकान गेलं तर तिने करायचं काय, याचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं आणि माझ्याजवळही नव्हतं. म्हणून तिने पेज काढलं तेव्हा मी गप्प बसले.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला मजाही आली. लंडनच्या कुणा बाईने माझ्या परातीच्या फोटोखाली तीन लाल बदाम टाकले, तर मी ते शेजारपाजारी दाखवून आले. पण ते सुख फार टिकलं नाही. कारण दर थोड्या दिवसांनी सर यायचे आणि सांगायचे की आता सगळं बदललंय. आधी म्हणाले, फेसबुकवर आता म्हातारेच उरलेत, इन्स्टावर चला. गेलो. मग म्हणाले, फोटो कुणी बघत नाही, व्हिडिओ पाहिजे. काढला. मग म्हणाले, आडवा नको, उभा पाहिजे. मग म्हणाले, बोला. मी बोलले. मग म्हणाले, इतकं बोलू नका, लोक पुढे जातात. मग एकदा मला परातीपुढे उभं करून हवेत बोट दाखवायला लावलं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. तिथे म्हणे नंतर अक्षरं येणार होती. साठीला टेकलेली बाई मी, दिवसाढवळ्या रिकाम्या हवेकडे बोट दाखवत उभी होते, आणि समोरचा पानवाला पान लावायचं सोडून बघत होता.

“रोज पोस्ट पडली पाहिजे, मॅम,” सर म्हणायचे. “आषाढात पण.”

“आषाढात हलव्याला काटा येत नाही.”

“काटा कशाला हवाय? आपण क्लोजअप घेणारच नाही.”

काट्याशिवाय हलवा म्हणजे नुसती साखर, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. समोरच्याला दाढेखाली काय येतं याच्याशी देणंघेणंच नसेल, तर त्याला चव काय समजावणार?

त्या वर्षी मार्गशीर्षात सर पेढे घेऊन आले. आणले होते आमच्याच खर्चाने, ते नंतर कळलं. ईश्वरी नावाच्या एका बाईने आमच्याबरोबर व्हिडिओ करायला होकार दिला होता. ही ईश्वरी आपल्या आईपणाचे व्हिडिओ टाकायची. बाळ रडलं की व्हिडिओ, रडायचं थांबलं की व्हिडिओ. तिला बघणारी माणसं लाखांनी होती. तिच्या कियानचं बोरन्हाण आमच्या दागिन्यांत होणार होतं.

“ईश्वरी मॅमनी एकदा टॅग केलं की दुकान सुसाट सुटलंच समजा,” सर म्हणाले.

नलूच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी तिने देवापुढे साखर ठेवली. मलाही वाटत होतं, सुटू दे एकदाचं.

कियानसाठी मी जीव ओतून हलवा केला. थंडी मनासारखी पडली होती. दाण्यादाण्यावर असा काटा फुटला की नलू ओवता ओवता थांबून बघत बसायची. मुकुट, हार, मनगट्या, कंबरपट्टा, बासरी, सगळं तिने सुरेख केलं. वरून ओतायला वेगळा डबाभर हलवा दिला. आदल्या दिवशी सर येऊन सगळं घेऊन गेले. “लाइटमध्ये कसं दिसतं ते बघून ठेवतो,” म्हणाले. बघा, म्हटलं.

आणि आता तोच हलवा पातेल्यात परत गोळा होत होता.

क्लबहाउसात छताला पतंग टांगले होते. भिंतीला लावून खोट्या झेंडूच्या माळा, कारण खऱ्या म्हणे लवकर मान टाकतात. ईश्वरी काळी पैठणी नेसून बसली होती आणि हळूच, सारखी, समोरच्या मोबाईलमधल्या आपल्या प्रतिमेकडे बघत होती. बाळाचा बाप कोपऱ्यात लॅपटॉपवर काम करत होता. चौकटीत यायची वेळ आली की कुणीतरी त्याला हाक मारायचं. एक मोठा कॅमेरा व्हिडिओ घेत होता. शिवाय ईश्वरीने आपला मोबाईल वेगळ्या स्टँडवर लावून ठेवला होता. त्यावर ती लाइव्ह होती, म्हणजे तिथे जे चाललं होतं ते तिचे लोक घरबसल्या त्याच क्षणी बघत होते. ‘पडद्यामागची धमाल’ असं त्याचं नाव होतं.

“ओवाळणारी आजी कोण आहे?” कॅमेरावाल्याने विचारलं.

“सासूबाई पुण्याला आहेत. त्यांना एक्स्प्रेशन्स जमत नाहीत,” ईश्वरी म्हणाली. “काकू, तुम्हीच ओवाळा ना. तुमचा लुक छान अथेंटिक आहे.”

सख्खी आजी पुण्यात आणि ओवाळायला दागिनेवाली. मी ओवाळलं. बाळाचा त्यात काय दोष? चांगलं गुटगुटीत, हसरं पोर होतं. मुकुट कपाळावर घसरत होता, तरी डोळे मोठे करून सगळ्यांकडे बघत होतं.

मुकुट नीट करताना मला पहिल्यांदा जाणवलं, की हलवा फारच चमकतोय. म्हटलं, दिव्यांचा झगमगाट असेल.

दुसऱ्यांदा हलवा ओतला. पोरं बिचारी सांगितल्याप्रमाणे वाकली, हसली, उचलल्यासारखं केलं. काही खरोखर खाऊन मोकळी झाली, पोरंच ती. सर पुन्हा पातेलं घेऊन पुढे सरसावले. इतक्यात फ्रिलचा झगा घातलेली एक लहानगी माझ्या पदराला ओढायला लागली.

“आजी, हा कडू आहे.”

“हलवा कडू कसा असेल गं?”

“आहे. आमच्या नव्या कपाटासारखा वास येतोय.”

तिने अर्धवट चोखलेला दाणा माझ्या तळहातावर ठेवला. मी पातेल्यातला एक दाणा उचलून जिभेवर ठेवला. हलवा आधी जिभेला टोचतो, मग विरघळतो. हा विरघळलाच नाही. काचेच्या मण्यासारखा तोंडात फिरत राहिला, आणि मागून तो वास आला. घरात सुतार येऊन गेल्यावर आठवडाभर राहतो तो.

“कौस्तुभ, यावर काय मारलंय?”

‘सर’ म्हणायचं मी त्या क्षणी सोडलं.

“क्लिअर कोट आहे, मॅम. स्प्रे येतो ना लाकडाला मारायचा, तो. हलवा लाइटमध्ये अगदी डल दिसत होता. आता बघा, कसा पॉप होतोय.”

“कुणाला विचारून मारलंत?”

“नलिनी मॅमना विचारलं होतं.”

नलू पाटाभोवतीची रांगोळी नीट करत होती. रांगोळी काही बिघडलेली नव्हती.

“नलू?”

तिने वर पाहिलं नाही. “कुरियरने पाठवलेले सेट चिकट होतात वहिनी. तक्रारी यायच्या. याने टिकतात.”

“म्हणजे कुरियरचे सेटसुद्धा?”

ती पुन्हा रांगोळीवर वाकली. मी पाटाकडे वळले तर कियानने हाराचं पदक अख्खं तोंडात घातलं होतं आणि मन लावून चघळत होता. दात येणाऱ्या पोराच्या गळ्यात काही घातलं की ते पहिलं तोंडात जातं. हे सांगायला बाळंतपण करावं लागत नाही, नुसते डोळे लागतात. तिथे एवढे डोळे होते, पण सगळे पडद्याला लागलेले.

मी हार धरला आणि ओढून तोडला. दाणे फरशीवर उधळले. पोराने भोकाड पसरलं. मी त्याच्या तोंडात बोट घालून आतला तुकडा काढला, आणि मग एकेका मुलाला धरून म्हटलं, थुंक. माझ्या पदरात थुंक. मुलं घाबरली, पण थुंकली. दात पडलेल्या मुलाने मूठसुद्धा उघडून दाखवली.

“काकू, काय करताय?” ईश्वरी ओरडली. “लाइव्ह चालू आहे.”

“चालू आहे का? बरं झालं.”

मी त्या स्टँडपुढे जाऊन उभी राहिले. बोट कुठे दाखवायचं, किती बोलायचं, हे सांगायला या वेळी कुणी नव्हतं.

“मी इंदुमती दुसाने. हा हलवा आमच्या दुकानचा आहे आणि याच्यावर लाकडाचं पॉलिश मारलेलं आहे. आमच्याकडून यंदा ज्यांनी कुरियरने दागिने मागवले असतील, त्यांनी ते पोराबाळांच्या हाती देऊ नका. खाऊ तर मुळीच नका. परत पाठवा, पैसे देते.”

कौस्तुभने धावत येऊन मोबाईल उलटा केला. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर मुलांच्या डॉक्टर राहत होत्या. मी आणि दोघी-तिघी आया मुलांना घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी प्रत्येकाला तपासलं, भरपूर पाणी पाजायला सांगितलं, आणि दोन दिवस लक्ष ठेवा म्हणाल्या. पुढे कुणाला काही झालं नाही. मी सोबत नेलेल्या स्प्रेच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचून त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या धंद्याची लाज वाटली. ईश्वरी मात्र खाली आली नाही. कियानला मागाहून त्याच्या बापाने आणलं; तोवर ती त्याचं काजळ पुसून पुन्हा लावत होती, असं त्यानेच सांगितलं.

रिक्षात नलू माझ्या शेजारी बसली होती, पण मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. पंचवटीत उतरताना म्हणाली, “झालं तुमचं समाधान?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले ती दुकान आवरायच्या तयारीनेच. परात घासून पोत्यात घातली. नलू आधीच येऊन बसली होती. डोळे सुजलेले, समोर मोबाईल पालथा घातलेला. माझं ते बोलणं कुणीतरी कापून सगळीकडे पसरवलं होतं आणि रात्रीतून ते कुठल्या कुठे गेलं होतं.

“वहिनी, मला एकटीला बोलायचं होतंत,” ती म्हणाली. “घरी नेऊन थोबाडीत मारायची होतीत. जगापुढे दुकानाचं नाव घेतलंत. माझ्या घरात चूल कशावर पेटते, ठाऊक होतं ना तुम्हाला?”

“ठाऊक होतं. पोरं पॉलिश खात होती नलू.”

“कोण खातं आता हलवा? तुम्हीच सांगा. सुना दागिने घालतात, फोटो काढतात, डब्यात भरून ठेवतात. पोरांना तासाभरासाठी घालतात. तुम्ही आणि तुमचा तो काटा. कुणाला कळतो तो? मी वर्षभर मेसेज वाचतेय. एकीने कधी चवीचं विचारलं नाही. सगळ्या विचारतात, टिकेल का, चमकेल का.”

“मग काचेचे मणी ओव.”

“ओवले असते. तुम्ही ओवू दिले असते का?”

तिचं म्हणणं खरं होतं. मी बाजूला बसून कुरियरने माल गेलेल्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावायला घेतले. शिव्या खायची तयारी ठेवली होती. पहिला फोन ठाण्याला लागला.

“हो हो, बघितला व्हिडिओ,” तिकडची बाई म्हणाली. “किती भांडखोर आहात हो तुम्ही. मला आवडलं.”

“सेट परत पाठवा. पैसे लगेच देते.”

“परत कशाला? काय सुंदर चमकतोय. खाणार कोण आहे काकू, एवढी साखर?”

“घरात लहान मूल आहे का?”

“आहे ना, दहा महिन्यांची. तिच्यासाठीच तर घेतलाय. लक्ष ठेवू आम्ही. फोटोपुरता घालायचाय.”

दुसरीला लावला, ती हेच म्हणाली. तिसरी बंगळुरूची होती. तिने मैत्रिणीसाठी आणखी एक मागितला, आणि पॉलिश केलेलाच द्या, असं निक्षून सांगितलं. मी प्रत्येकीला विनवलं, समजावलं, एकीवर तर ओरडले. परत एकीनेही पाठवला नाही.

नलूने मोबाईल सुलटा केला तेव्हा तो टेबलावर थरथरत होता. ती वाचायला लागली आणि वाचता वाचता तिचा चेहरा बदलत गेला.

“वहिनी,” ती हळूच म्हणाली, “ऑर्डरी आहेत.”

“कसल्या?”

“चमकणाऱ्या सेटच्या. सगळ्या.”

मी तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि स्वतः वाचलं. लोकांनी माझं सगळं बोलणं ऐकलं होतं. पॉलिश, पोरं, खाऊ नका, सगळं. आणि खाली विचारलं होतं: किंमत? अमेरिकेला पाठवता का? बायकांच्या मापात आहे का? एकाने लिहिलं होतं, आजी रॉक्स. कुणी मला आगीच्या ज्वाळा पाठवल्या होत्या. एवढ्या गर्दीत मुलं बरी आहेत का, असं विचारणारं एक माणूस नव्हतं. मी वरपासून खालपर्यंत शोधलं.

दुपारी ईश्वरीचा फोन आला. मला वाटलं, आता ही पोलिसात जाणार. गेली असती तर मी तिला मान दिला असता.

“काकू, कालचं लाइव्ह आजवर सगळ्यात जास्त लोकांनी बघितलं,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हताच. “कौस्तुभशी बोलले मी. आपण पार्ट टू करू. तुम्ही कियानला भेटायला येता, सॉरी म्हणता, मी तुम्हाला मिठी मारते. दोघी रडतो. लोकांना क्लोजर लागतं.”

“कियान कसा आहे?”

“कोण? हां, मस्त आहे. मग उद्या जमेल? नेसायचं तेच नेसा, कंटिन्युटीसाठी.”

मी फोन ठेवला. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ती काढायची कुणावर? नलू माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आशा होती, आणि त्या आशेची मला कीवही आली आणि चीडही.

“एक वर्ष वहिनी,” ती म्हणाली. “फक्त एक वर्ष करू. मुलाचं शिक्षण मार्गी लागू दे. डब्यावर मोठ्या अक्षरात छापू, खाण्यासाठी नाही.”

“आणि दात येणारं पोर ते वाचेल?”

“त्याची आई वाचेल.”

“त्याच्या आईला काल मी ओरडून सांगितलं, नलू. तिने किंमत विचारली.”

ती रडली. मीही रडले, रागाने. बावीस वर्षं आम्ही एका परातीपाशी पाठी मोडत बसलो होतो. तिच्या बाळंतपणात मी तिचे केस विंचरले होते, माझे हे गेले तेव्हा तिने मला भरवलं होतं. पण त्या दुपारी वाटणी झाली, आणि तिला वकील लागला नाही. गाळा, नाव आणि पेज तिने ठेवलं. मी पोतं उचललं आणि घरी आले.

पुढे तिचं खूप चाललं. सातपूरला शेड घेतली. हलवा साच्यातला यायचा, बायका ओवायच्या, आणि एक माणूस तोंडाला फडकं बांधून दिवसभर फवारायचा. सासूबाईंचा फोटो डब्यावर छापला होता, ‘परंपरेची गोडी’ असं खाली लिहून. खाण्यासाठी नाही, हेही कुठेतरी बारीक छापलेलं होतं. कौस्तुभ तिच्याकडेही फार टिकला नाही. तोवर पुन्हा सगळं बदललं होतं आणि त्याला ते कळायच्या आत दुसऱ्या कुणाला कळलं होतं. नलू मात्र प्रत्येक बदलाबरोबर पळत राहिली. मी तिचे व्हिडिओ बघायची. बघायचे नाहीत असं ठरवून बघायची. ती आता हवेत बोट सराईतपणे दाखवायची.

मी स्वयंपाकघरात शेगडी मांडली. ओळखीची चार घरं सांगून ठेवतात, तेवढाच हलवा करते. त्याला कुणी धंदा म्हणणार नाही, आणि मीही म्हणत नाही.

गेल्या पौषात एका सकाळी दारात गाडी थांबली आणि नलू उतरली. केस पांढरे झालेले, ते लपवायचे कष्ट घेतले नव्हते. आमचं लग्नाकार्यात जेवढ्यास तेवढं बोलणं होतं, घरी ती कित्येक वर्षांत आली नव्हती. मी पाणी दिलं. ती बसली, गुडघ्यावरची साडी सारखी करत राहिली.

“नातू झाला, कळलं असेल तुम्हाला.”

“कळलं. पेजवर पाहिला.”

“बोरन्हाण आहे त्याचं. तुमच्या हातचा हलवा हवाय.”

“माझ्या हातचा?” मी म्हटलं. “तुझी तर शेड भरली आहे. मुकुट आहेत, बासऱ्या आहेत, परवा मोरपीसवालं काहीतरी दाखवत होतीस. लोक अमेरिकेहून मागवतात. तुझ्या नातवाला साखर कशाला?”

मला वाटलं होतं, ती म्हणेल की सून ऐकत नाही, किंवा घरात पद्धत आहे, किंवा सासूबाईंची आठवण. तयारच होते मी. पण ती तसलं काही बोलली नाही.

“त्याला दात येतायत वहिनी,” ती म्हणाली. “गळ्यात घातलेलं सगळं तोंडात घालतो तो.”

“सगळ्यांचीच घालतात नलू.”

ती पुन्हा गुडघ्यावरची साडी सारखी करायला लागली. मी उठून फळीवरून परात काढली आणि तिला मनगटाचं माप विचारलं.